मळ्यात लागणारं नागपूर

सुन्या भो,

कसा शे? पुण्याचा पाऊस थांबला का नाही अजून.

तू परवा फोनवर बोलला ना, की ॲपमध्ये सगळी स्टेशनं क्लिअर लागतात मग ती रेडिओची खरखर काय ऐकतो. बरोबरे तुझं, पण त्यात शोधायचं काय राहिलं भो?

जळगाव आकाशवाणी आपलं घरचं, मिडीयम वेव्हवर 963 किलोहर्ट्झला, डोळे मिटून काटा लावला तरी लागतं. केळीवर करपा आला की काय फवारायचं ते तिथंच ऐकतो, आणि ओळखीच्या गावचं कोणी बोलायला लागलं की आई हातातलं काम सोडून उभी राहते. ते कामाचं आहे, त्याला नावं नाही ठेवत मी.

पण सध्या शेताची लाईट रात्रीची आहे. मोटर चालू केली की स्टार्टरजवळ रेडिओत नुसती घर्रर्र, म्हणून पार बांधाच्या टोकाला निंबाखाली जाऊन बसतो आणि 585 ला नागपूर लावतो, 300 किलोवॅटचं आहे ते. दिवसा त्याचा पत्ता नसतो कारण उन्हामुळे वर 60 ते 90 किलोमीटरवर जो थर तयार होतो तो मिडीयम वेव्हच्या लहरी पिऊन टाकतो, दिवस बुडाला की तो विरतो आणि लहरी आणखी वर जाऊन आपटून खाली येतात. आवाज मोठा होतो, बुडतो, परत येतो, आणि कापसाचं काही सांगायला लागले की नेमका बुडतो! 648 ला सातपुड्यापल्याडचं इंदूर, ते जरा दमदार. 963 च्या शेजारी काही लांबचं शोधायला गेलं तर मात्र जळगाव अंगावर येतं, मग रेडिओ फिरवून आतल्या फेराईटच्या कांडीचं, म्हणजे त्याच्या एरियलचं, टोक जळगावकडे केलं की ते दबतं, आणि मागून कोणीतरी भलत्याच भाषेत बोलताना ऐकू येतं. नाव कळेपर्यंत मी हलत नाही, पाणी दुसऱ्या सरीत गेलं तरी.

घरी एलईडी बल्ब नि चार्जरनी एएमची, म्हणजे या मिडीयम वेव्हची, पार वाट लावलीय, नुसती खरखर. गावात लाईट गेली की लोक शिव्या देतात आणि मी एकटाच खुश.

तुझ्या बाबांचा तो मोठा रेडिओ माळ्यावर आहे ना? त्यातली कांडी लांब असेल. दिवाळीला येशील तेव्हा काढून ठेव, सेल मी आणतो.

तुझा,
दिल्या