पडला नाही, पाडला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून आपल्या अंकात गडांच्या डागडुजीवर बरंच छापून येत आहे. म्हणून हे पत्र.

लेकीकडे गेलो होतो तेव्हा पॅरिसच्या ईशान्येला असलेला कूसीचा किल्ला पाहिला. तेराव्या शतकात आंगरां तिसरा नावाच्या सरदाराने तो बांधला. राजाचा नव्हे, सरदाराचा गड. तरी मधला बुरूज सुमारे ५४ मीटर उंच आणि ३० मीटर रुंद. नुसत्या भिंतीच्या जाडीत आमच्या घराचा हॉल मावला असता!

हा बुरूज आज तिथे नाही, त्याच्या दगडांचा ढीग आहे. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७ मध्ये, जर्मन सैन्य नव्या बचावफळीकडे मागे हटत होतं आणि जाता जाता गावं, पूल, विहिरी, एवढंच काय, फळबागाही उद्ध्वस्त करत होतं. या किल्ल्याला लष्करी महत्त्व नाही, तो वाचवावा, अशी विनंती खुद्द जर्मनांचाच सेनापती, बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त याने केली होती. जर्मन सैन्याचा वरिष्ठ सेनानी लुडेनडॉर्फ याने ती मानली नाही. २८ टन स्फोटकं लावून जवळपास सातशे वर्षांचा बुरूज उडवला. युद्धानंतर फ्रेंचांनी उरलेल्या भिंती सावरल्या, पण हा ढीग मुद्दाम जागेवरच राहू दिला. रानटीपणाचं स्मारक म्हणून.

त्या ढिगासमोर मला आपला अलंग गड आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी मी तो दोर लावून चढलो होतो. मधला टप्पा पायऱ्यांचा होता, पण पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या सुरुंगाने उडवल्या. पुन्हा कुणी गडाचा आसरा घेऊन लढू नये, हा हिशेब. रायगडावरचा वाडा १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने पेटला. आपण मात्र या पडझडीबद्दल सर्रास ‘काळाच्या ओघात’ असं लिहितो. ऊन-पावसाने काही ढासळलंही असेल, नाही म्हणत नाही. पण सुरुंगाची दारू काळाने भरली नव्हती. परवा एका गडावर कॉलेजची मुलं तुटक्या पायऱ्यांजवळ सेल्फी काढत होती. ‘या कुणी तोडल्या?’ म्हणून विचारलं, तर एक म्हणाला, ‘भूकंप झाला असेल, काका.’ त्याला कशाला दोष द्यायचा? तिथे सांगणारं काहीच नव्हतं.

गडांवर दिवे आणि रोपवेच्या योजना आखणाऱ्यांनी आधी अशा जागी दोन ओळींचा दगडी फलक लावावा: कुणी तोडलं, कोणत्या साली, कशासाठी. आणि सोयीच्या नावाखाली तिथे सिमेंटच्या पायऱ्या ओतू नयेत, ही हात जोडून विनंती.

आपला,
एक जुना गडकरी, नाशिक