दत्ता, गाडी मिसिंग नेमकी कधी करते ते आधी बघ

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोनदा प्लग बदलले, चारही कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) नव्या टाकल्या, तरी खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये झटके बसतात आणि आता सिग्नलला उभी असतानाही गाडी थरथरते, असं लिहिलंस. म्हणजे गाडी मिसिंग करते, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळायचं राहून जातं. माझ्या मते या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजवाल्यानं त्या एकाच खात्यात टाकल्या, तिथं तुझे पैसे गेले. 2014 ची स्विफ्ट, 1,85,000 किलोमीटर, त्यात बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. अशा गाडीत दोन रोग एकाच वेळी सुखानं नांदतात. एक बरा केला तरी दुसरा राहतो, आणि मग वाटतं की पहिला पार्टच चुकीचा टाकला.

आधी चढाचं बघू. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबलास की हा दाब सगळ्यात जास्त असतो. प्लगची गॅप झिजून वाढली असेल तर मागणी आणखी वाढते, आणि सीएनजीला पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे अशक्त कॉईल, कॉईल आणि प्लग जोडणारं भेगाळलेलं रबर बूट किंवा वाढलेली गॅप सपाटीला गुपचूप असते आणि घाटात बोलते. आयडलिंगचं मिसिंग याच्या उलट. तिथं इंजिन हवाच थोडी घेतं, म्हणून एखाद्या होजमधून आत येणारी चोरटी हवासुद्धा मिश्रण बिघडवायला पुरते. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर सावकाश फिरणाऱ्या इंजिनात दाब निसटायला भरपूर वेळ मिळतो. 2500 आरपीएमला तोच सिलिंडर बऱ्यापैकी काम करतो.

म्हणून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावशील तेव्हा कोड वाचून लगेच पुसू नकोस, आणि बॅटरीची वायर काढून तर मुळीच पुसू नकोस. पी 0301 ते पी 0304 म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर (एक नंबर टाइमिंग चेनच्या बाजूचा), आणि पी 0300 म्हणजे कुठला एक धरता येत नाही. पण खरा माल फ्रीझ फ्रेममध्ये असतो. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड (इंजिनावरचा भार) किती, कूलंट किती तापलेलं, हे तिथं लिहिलेलं असतं. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेव. 1800 आरपीएम आणि 80 टक्के लोड दिसला तर इग्निशनकडे (ठिणगीकडे) बघ. 750 आरपीएम दिसला तर हवा आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे). चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकायला लागला तर मात्र पाय काढ. न जळलेलं इंधन कॅटकॉनमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि ते वितळलं की दुरुस्तीचा खर्च पार बदलतो.

तुझ्याकडे दोन इंधनं आहेत ही खरं तर सोय आहे. एकदा पूर्ण पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर, त्याच चढाला त्याच गिअरमध्ये चालवून बघ. दोन्हीवर सारखंच मिसिंग असेल तर इग्निशन किंवा इंजिनाचं पोट. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोल इंजेक्टर किंवा पंप. वर्षानुवर्षं सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत पेट्रोल इंजेक्टर न वापरल्यामुळेच चिकटतात, म्हणून रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवावं. फक्त सीएनजीवर असेल तर किटवाल्याकडे धावण्याआधी थांब. तिथं गॅसचा फिल्टर, रिड्यूसरचा (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) दाब आणि गॅस इंजेक्टर हे संशयित आहेतच, पण काठावर आलेलं इग्निशनही आधी सीएनजीवरच उघडं पडतं.

आता कॉईल. नव्या आहेत म्हणून त्यांना निर्दोष धरू नकोस, बाजारात नकली माल चिक्कार आहे. समजा कोड दोन नंबरचा आहे. दोनची कॉईल तीनवर टाक आणि तीनची दोनवर, बाकी कशाला हात लावू नकोस. कोड पुसून त्याच परिस्थितीत चालव. पी 0303 आला तर कॉईल दोषी. पी 0302 च राहिला तर कॉईल जागेवर परत लाव आणि मग प्लगची अदलाबदल कर, त्यानंतर इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू. गॅरेजमध्ये कॉईल, प्लग सगळं एकदम हलवतात आणि मग कोड हलला तरी कशामुळे ते कळत नाही.

प्लग काढायचे ते इंजिन थंड असताना. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना काढलास तर आटे जातील. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मार, नाहीतर तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये. खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीची सीलं गेली आहेत. हे बारकाईनं बघ, कारण ऑइलमध्ये भिजलेलं बूट फुगतं आणि ठिणगी प्लगच्या बाहेरून, पोर्सिलेनवरून हेडला उडते. त्याची खूण म्हणजे पांढऱ्या पोर्सिलेनवर उभी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. अशी रेघ असलेला प्लग आणि त्यावरचं बूट दोन्ही टाकून दे. एकच बदललंस तर जुना भाग नव्यालाही बिघडवतो. माझा अंदाज, तुझे प्लग दोनदा बदलूनही फरक पडला नाही तो इथंच. पावसाळ्यात किंवा वॉशिंगनंतर या खड्ड्यात पाणी उतरलं तरी हेच होतं.

गॅप फीलर गेजनं मोज. पेट्रोलला या प्रकारच्या प्लगची गॅप साधारण 1.0 ते 1.1 मिलिमीटर, सीएनजीवर जास्त चालवत असशील तर 0.8 च्या आसपास ठेव. बसवताना आधी हातानं आटे धरू दे. वॉशर असलेला नवा प्लग टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा बस झाला. जुनाच परत लावत असशील तर पाव फेऱ्याहूनही कमी. प्लग काढलेच आहेत तर चारही ओळीनं मांडून बघ. एकच ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर तिथं ठिणगी नाही. एकच पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि इंधन कमी. ऑइलनं काळाकुट्ट म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. आणि एकच जण धुतल्यासारखा लख्ख निघाला, सकाळी स्टार्टला इंजिन थरथरत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी झिरपतंय.

चोरट्या हवेसाठी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) बघ, गाडी पेट्रोलवर ठेवून. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज आयडलिंगला +15 आणि 2500 आरपीएमला +3 येत असेल तर हवा कुठून तरी आत येतेय. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इन्टेकला नेणारी) होज, ब्रेक बूस्टरची होज, इन्टेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरची ओ-रिंग, सगळी बारा वर्षांची रबरं आहेत. होज वरून चांगली दिसते आणि वळणाच्या पोटात फाटलेली असते, तेव्हा बोटानं दाबून बघ. स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर उत्तम. कार्ब क्लीनर फवारून लीक शोधतात, पण गरम एक्झॉस्टजवळ तो उद्योग नको. उलट, ट्रिम आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढत जात असेल तर पंप किंवा फिल्टर अपुरा पडतोय. आता पंपावर ई 20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्के वर दिसलं एवढ्यानं घाबरायचं कारण नाही.

आता आयडलिंगच्या थरथरीबद्दल माझा पहिला संशय सांगतो: टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा. सीएनजी कोरडा गॅस. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला जो थोडा थंडावा मिळतो तो इथं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचं क्लिअरन्स (मधली मोकळी फट) कमी होत जातं. ते शून्याला आलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि गरम वायू त्या फटीतून त्याची कड जाळत जातात. गंमत म्हणजे असं इंजिन आवाज करत नाही. ढिलं टॅपेट टकटकतं, घट्ट टॅपेट चूप असतं, म्हणून फिटर म्हणतो, इंजिन एकदम मस्त वाजतंय.

म्हणून आणखी एकही पार्ट घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. इंजिन कोमट (एकदम गरम असताना प्लग काढायचे नाहीत, वर सांगितलंय तसं), बॅटरी चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉईलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. अॅक्सिलरेटर न दाबता टेस्ट केली तर आकडे खोटेच कमी येतात, हे फिटरला मुद्दाम सांग. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर मारून सारखेच पाच-सहा फटके द्यायचे. आकडा किती येतो त्यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं. चारही 165 पीएसआय असतील तर या वयाला काही तक्रार नाही. 170, 168, 172 आणि 115 आले तर तो चौथा तुझा चोर. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. आकडा चांगला चढला तर रिंग, जेमतेम हलला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. लीक-डाउनचं यंत्र असलेला कुणी सापडला तर फारच बरं. सिलिंडरमध्ये हवा भरली की सुस्कारा सायलेन्सरमधून येतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून येतो तो इन्टेक, ऑइलच्या झाकणातून रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

टॅपेटच निघालं तर क्लिअरन्स इंजिन थंड असताना मोजतात. या इंजिनात स्क्रू फिरवून अॅडजस्ट होत नाही, वेगळ्या जाडीचं टॅपेट टाकावं लागतं. समजा मॅन्युअलप्रमाणे 0.30 हवं आणि भरलं 0.12, तर सध्याच्या टॅपेटपेक्षा 0.18 मिलिमीटरनं पातळ हवं. त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावे लागतात, म्हणजे चेनच्या खुणा आधी जुळवून घ्यायला हव्यात. सगळ्या टॅपेटची मापं कागदावर मागून घे. कॉम्प्रेशन तरीही कमीच राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळलेली आहे, आणि मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. त्या वेळी सीटही नव्या, सीएनजीला चालणाऱ्या बसवून घे. नुसतं लॅपिंग (जुना व्हॉल्व्ह जुन्या सीटवर घासून बसवणं) करून दिलं तर वर्षभरात परत तेच.

तेव्हा या रविवारी एवढंच कर: फ्रीझ फ्रेमचा फोटो, दोन इंधनांवर एकेक फेरी, प्लगच्या खड्ड्यात ऑइल आहे का ते बघणं आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे. ते मला कळव, पुढचं त्यावरून ठरवू. तोवर चढाला एक गिअर खाली टाकून चालव. आणि काढलेल्या जुन्या कॉईल गॅरेजवाल्याकडून परत मागून घे. त्यातल्या निदान तीन तरी चांगल्या असतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर