पाण्याखाली न्यायचा दिवा

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर

प्रिय अभय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि वहिनींचा फराळ एकाच दिवशी पोचले. चकल्या दोन दिवसांत संपल्या, पत्र मात्र मी चार वेळा वाचलं. टीजी-६ कॅमेऱ्याला हाउसिंग (पाण्यात न्यायची बंद पेटी) घेतलंस, डिसेंबरात मालवण आणि जानेवारीत कर्नाटकातलं नेत्राणी बेट ठरवलंस, हे वाचून इतका आनंद झाला की रात्री जुनी हार्ड डिस्क काढून बसलो. तू एकच प्रश्न विचारलायस, ‘दिवा किती ल्युमेनचा घेऊ?’ नुसता आकडा कळवला तर तुझे पैसे वाया जातील, म्हणून सविस्तर लिहितोय.

तारकर्लीला मी पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा खडकावर एक स्पंज दिसला होता, मळकट चॉकलेटी. त्याच्याकडे लक्ष जायचं काही कारणच नव्हतं. सोबतच्या प्रशिक्षकाने त्यावर बॅटरी मारली आणि तो कुंकवासारखा लालभडक झाला. बॅटरी बाजूला गेली, पुन्हा चॉकलेटी. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच मीटरवर त्यातला बहुतेक गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी सगळं निळं-हिरवं उरतं. खाली लख्ख ऊन पोचलेलं असतानाही आपण दिवा नेतो तो यासाठी. लाल रंग वरून येत नाही, तो आपल्याला हातात धरून न्यावा लागतो.

हे एकदा मनात पक्कं झालं की दिवा निवडणं सोपं होतं. पाणी सूर्याचा लाल गिळतं तसंच तुझ्या दिव्याचाही गिळतं. मासा एक मीटरवर असेल तर उजेड एक मीटर जातो आणि एक मीटर परत येतो. दोन मीटर पाण्यात लालचा साधारण निम्मा भाग गेला. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तो हिशोब हवेतलाच. म्हणजे दीड-दोन मीटरवरच्या गोष्टीसाठी कितीही मोठा दिवा आणलास तरी चित्र निळंच राहणार. हातभर अंतरात ये, मग मध्यम दिवाही पुरतो. तुझ्या कॅमेऱ्याचं तर बलस्थानच तिथे आहे, मायक्रोस्कोप मोडमध्ये तो एक सेंटीमीटरवर फोकस करतो. तुला हव्या असलेल्या त्या रंगीत समुद्री गोगलगायी तशाच टिपायच्या असतात.

आता ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती पसरलाय हे त्यात कळत नाही. माझा पहिला दिवा मी खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतला. दुकानदाराने कोन सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. मालवणच्या सबंध व्हिडिओत मधोमध एक पांढरी थाळी आणि भोवती काळोख. त्या सहलीचं दुसरं चित्रण माझ्याकडे नाही, याचं आजही वाईट वाटतं. २,००० ल्युमेन १५ अंशांच्या शंकूत कोंबले तर मधला झोत १२० अंशांत पसरलेल्या तेवढ्याच उजेडापेक्षा पन्नासपटीहून प्रखर होतो. तो झोत खडकाच्या कपारीत डोकवायला उत्तम, चित्रणाला निरुपयोगी.

कोनातही एक बारकावा आहे, आणि तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दिव्याची काच सपाट असेल तर पाण्यात त्याचा शंकू आकसतो, कारण काचेतून पाण्यात शिरताना किरण वाकतात. हवेत १२० अंश असलेला दिवा पाण्यात साधारण ८० वर येतो. काच घुमटासारखी असेल तर फारसा आकसत नाही. म्हणून ‘हा कोन हवेतला की पाण्यातला?’ हे विचारून घे. तुझ्या हाउसिंगची काचही सपाटच आहे, त्यामुळे कॅमेऱ्याची नजरसुद्धा पाण्यात अरुंद होते. पाण्यातले ८०-९० अंश तुला पुरतील. गोप्रोवाल्यांना मात्र त्याहून रुंद लागतो.

उजेडाचा दर्जा बघताना सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप, नव्वदच्या वर हवा, एवढं सगळे सांगतात. पण सीआरआय काढताना ज्या आठ रंगांची सरासरी घेतात त्यात गडद लाल नसतो. तो वेगळा मोजतात, त्याला आर-९ म्हणतात. ऐंशी सीआरआयच्या दिव्याचा आर-९ शून्याजवळही असू शकतो. आपण खाली जाणार लाल रंगासाठी आणि दिव्यातच तो नाही! आर-९ छापलेला नसेल तर घरी तपासणं सोपं आहे. खोलीत अंधार करून टोमॅटो, लाल मिरची आणि स्वतःचा तळहात त्या उजेडात धर. तळहात राखाडी, मेलेला दिसला तर तो दिवा परत दे. उजेडाचा रंग ५,००० ते ५,६०० केल्व्हिनच्या आसपास असू दे. आणखी एक, लेन्सवर लाल फिल्टर लावला असेल तर दिवा लावायचा नाही. दोन्ही एकदम वापरले की जवळचं सगळं लालबुंद होतं.

त्याच अंधारात दिवा मीटरभर अंतरावरून पांढऱ्या भिंतीवर मार. मध्ये गोळा दिसता कामा नये, कडेपर्यंत उजेड हळूहळू विरत जायला हवा. मग निम्म्यावर मंद करून फोनवर स्लो मोशन घे. काही दिवे मंद केले की फार वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण व्हिडिओत पट्टे सरकतात.

स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) की सतत जळणारा व्हिडिओ लाइट? तुला छोटीला दाखवायला हलतं चित्र हवंय, म्हणून आधी व्हिडिओ लाइट. स्ट्रोब सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास इतका उजेड ओततो की लहरीत डोलणारी गोगलगायसुद्धा गोठल्यासारखी येते. शुद्ध फोटोच काढायचे असते तर मी तोच सुचवला असता. पण तो कुठे पडतोय हे आधी दिसत नाही, आणि ते शिकायला बऱ्याच डाइव्ह जातात. व्हिडिओ लाइटमध्ये जे दिसतं तेच चित्रात येतं. पुढे वाटलं तर तुझ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर फायबर ऑप्टिकच्या वायरीने स्ट्रोब चालवता येईल.

दिवा कुठे धरायचा यावर मात्र मनापासून लक्ष दे. पावसाळ्यात आपण ताम्हिणीतून येत होतो, धुक्यात तू अप्पर मारलास आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली, आठवतंय? मालवणचं पाणी तसं आहे. त्यात सतत बारीक कण तरंगत असतात. दिवा लेन्सच्या शेजारी ठेवलास तर ते सगळे कण उजळतात आणि फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून ट्रेवर, म्हणजे कॅमेरा बसवायच्या पट्टीवर, हाताएवढी दांडी लावून दिवा बाजूला, जरा वर न्यायचा आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळवायचा. विषयावर शंकूची कड पडली पाहिजे, मधला भाग नको. लेन्स आणि मासा यांच्या मधलं पाणी अंधारात राहिलं की काम झालं. रुंद कोनाचा दिवा हवा तो यासाठीही, त्याची कड मऊ असते.

सगळं धरून माझं मत असं: पाण्यातला कोन ८०-९०, सीआरआय ९० च्या वर, दोन ते अडीच हजार ल्युमेन खरे, आणि असा एकच दिवा. दोन स्वस्त घेण्यापेक्षा एक चांगला घे. तो बहुतेक वेळ निम्म्यावर चालव. निम्मा म्हणजे कॅमेऱ्याच्या मापात फक्त एक पायरी (स्टॉप) कमी, पण डाइव्हभर सेल पुरतो आणि दिवा तापून आपोआप मंद होत नाही. सेल नाव असलेल्या कंपनीचेच घे. १८६५० मापाच्या सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ते खोटं आहे, त्या मापात ३,५०० च्या आसपासच बसतात. पुढेमागे विमानाने अंदमानला जाशील तेव्हा हे सेल हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

माझा दुसरा दिवा ओ-रिंगवरच्या, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्यावरच्या, एका केसामुळे गेला. होडी हलत होती, मी घाईत सेल बदलला, सात मीटरवर काचेत पाणी दिसलं. तेव्हापासून सेल आदल्या रात्री खोलीवर बदलतो. रिंग बोटाने चाचपायची, केस-वाळू पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा नुसता चकाकण्यापुरता हात फिरवायचा. वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास.

आणि अभय, उजेड जपून टाक. खालच्या कितीतरी जिवांना डोळे मिटता येत नाहीत. समुद्रघोडा दिसला तर दिवा एकदम मंद, दोन-चार सेकंद चित्रण, आणि मागे. वन्यजीव कायद्यात २००१ पासून त्याला संरक्षण आहे, पोवळ्यांनाही आहे. चांगल्या कोनासाठी पोवळ्यावर गुडघा टेकणारे मी पाहिलेत, तू टेकणार नाहीस हे माहीत आहे. लाल उजेडाची सोय असलेला दिवा मिळाला तर घेच. बऱ्याच प्राण्यांना लाल नीट दिसत नाही, त्यामुळे फोकस जुळेपर्यंत ते बिथरत नाहीत.

मालवणला जाण्याआधी दोन दिवस पुण्यात थांब. दिवा, ट्रे, दांडी सगळं घेऊन ये. टिळक तलावावर सकाळच्या बॅचला कॅमेरा पाण्यात नेऊ देतात का, ते मी या आठवड्यात जाऊन विचारतो. नाहीच दिला तर गच्चीवर पाण्याचा पिंप आहे, त्यात टोमॅटो बुडवून दिव्याची कड कुठे पडते ते बघू. घराची किल्ली नेहमीच्या जागी आहे. काकांना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
सुहास