तुझी ‘मशीन हेड’ माझ्याकडेच निघाली

पुणे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दीड वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो आहे ते आठवण दाटून आली म्हणून नव्हे, तर आणखी गप्प राहिलो तर मलाच झोप लागणार नाही म्हणून. तुझी ‘मशीन हेड’, डीप पर्पल या रॉक बँडची ती रेकॉर्ड, माझ्याकडेच निघाली. मागच्या कव्हरवर खालच्या कोपऱ्यात तुझी निळ्या शाईतली सही आहे आणि तिच्याखाली ‘परत हवी’ असे दोनदा अधोरेखित केलेले आहे. बापूने नेली, असे मी 1989 पासून सांगत आलो. त्याच्या लग्नाच्या पंगतीत त्याला तोंडावर बोललो, आणि तो बिचारा हातात जिलबी धरून माझ्याकडे नुसता पाहत राहिला. तू मलाच चोर ठरवलेस म्हणून मी तीन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो, हेही तुला आठवत असेलच. बापूची माफी मागण्याची वेळ तर निघून गेली.

ती सापडली, कारण आमची इमारत पाडायची आहे. दिवाळीपूर्वी जागा रिकामी करून तीन वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची आहेत, आणि चारशेपैकी चाळीसच रेकॉर्डी तिकडे येतील असा तुझ्या वहिनीचा निकाल आहे. (लोणच्याच्या बरण्यांना अशी कोणतीही मर्यादा नाही.) माझा रक्तदाब ठीक आहे, तिचे गुडघे होते तसेच आहेत.

मला वाटले होते की चाळीस निवडणे हे एका संध्याकाळचे काम आहे, कारण कोणती रेकॉर्ड थोर आणि कोणती टाकाऊ हे आपण नानांच्या गच्चीवर कधीच ठरवून टाकले होते. आज तीन आठवडे झाले, रोज रात्री दोन-तीन ऐकतो आहे आणि माझा एकेक जुना निकाल कोसळतो आहे.

सुरुवात पियानोवादक ग्लेन गूल्डपासून झाली. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची त्याची 1955 ची रेकॉर्ड खरी आणि 1981 ची म्हणजे म्हातारचळ, हे माझे मत तुला पाठ आहे. बावीस वर्षांच्या पोराने न्यूयॉर्कच्या त्या जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत चार दिवसांत, बाखने लिहिलेली एकही पुनरावृत्ती न वाजवता, साडेअडतीस मिनिटांत सगळे संपवले, याचाच मला अभिमान होता. जणू तो माझाच धाकटा भाऊ होता. परवा दोन्ही लागोपाठ लावल्या. पहिल्या रेकॉर्डवर सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ धून, दोन मिनिटांच्या आत संपते. दुसरीत तिला तीन मिनिटे लागतात, आणि दोन स्वरांमधल्या त्या मोकळ्या जागेत त्याचे गुणगुणणे इतके स्पष्ट ऐकू येते की मी मागे वळून पाहिले. त्याने आरियानंतरच्या तिसांपैकी प्रत्येक तुकड्याची लय एकाच मूळ ठोक्याशी हिशोबाने बांधली आहे, हे तू तेव्हा टेबलावर बोटांनी ठोकून दाखवत होतास आणि मी तुला ‘तबलजी’ म्हणून हसलो होतो. यावेळी मीच ठोकत बसलो. ती रेकॉर्ड बाजारात आल्यावर काही दिवसांतच, 4 ऑक्टोबर 1982 रोजी, पन्नासाव्या वर्षी तो गेला, म्हणून मी हळवा झालो असेन, किंवा माझेच वय झाले असेल. नेमके काय, हे मला ठरवता येत नाही, आणि खरी काळजी हीच आहे: ज्या कानांनी तेव्हा चुकीचा निकाल दिला, त्यांनी आता बरोबर दिला हे मी कशावरून मानू?

त्याच रात्री तुझी ‘मशीन हेड’ लावली. कव्हरमधून रेकॉर्डबरोबर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीसह एक पावली खाली पडली. तिच्यातले ‘हायवे स्टार’ लागले की नानांच्या प्लेअरची सुई उडत असे, म्हणून मी तिच्या डोक्यावर ही पावली चिकटवली होती. सुई उडायची थांबली, पण त्या वजनाने खाचा मात्र खरवडून निघाल्या; आज जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐकताना मागे कोणी पापड तळत असल्यासारखे वाटते. म्हणजे मी तुझी रेकॉर्ड ठेवून तर घेतलीच, वर तिची नासाडीही केली.

तरीही पुढचा गिटारचा तुकडा त्या तळणातून वर आलाच. हा सरळ सरळ बाख आहे, असे तू म्हणाला होतास आणि आम्ही तुला गच्चीवरून खाली पाठवले होते. पुढे त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर यानेच सांगितले की त्याला बाखसारखाच आवाज हवा होता, म्हणून डी मायनर, जी मायनर, सी, ए या ओळखीच्या क्रमावर त्याने तो सबंध तुकडा आधीच बांधून ठेवला होता. हे वाचून मला दहा वर्षे झाली, आणि तुला मुद्दाम कळवले नव्हते.

मला गंमत वाटते ती निराळीच. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, जिथे ध्वनिमुद्रण ठरले होते त्या माँत्रोच्या कॅसिनोला आग लागल्यावर डीप पर्पलच्या मंडळींनी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलच्या बोळात गाद्या लावून ध्वनिमुद्रण केले, आणि बाहेर उभ्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीपर्यंत जाऊन वाजवलेले ऐकायचे म्हणजे न्हाणीघरे आणि गॅलऱ्या ओलांडाव्या लागत, म्हणून त्यांनी तो नादच सोडला. इकडे गूल्डने 1964 मध्ये मैफली सोडल्या त्या बंद खोलीत पुन्हा पुन्हा ऐकून, फिती कापून-जोडून मनासारखे होईपर्यंत थांबता यावे म्हणून. एकाने मागे वळून ऐकलेच नाही, दुसऱ्याने सव्वीस वर्षांनी तेच पुन्हा वाजवले, आणि मला दोन्हींपैकी एकही टाकवत नाही.

जेनेसिस या रॉक बँडची ‘फॉक्सट्रॉट’ मी टाकायच्या ढिगात ठेवली होती. काल दुसऱ्या बाजूची सुरुवात ऐकली, त्यांचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याचे ते जेमतेम पावणेदोन मिनिटांचे ‘हॉरायझन्स’, बाखच्या पहिल्या चेलो स्वीटच्या आरंभीच्या तुकड्यावरून सुचलेले, आणि ढिगातून ती परत काढली. त्यापुढचे जवळजवळ 23 मिनिटांचे प्रकरण मला आजही लांबलेले वाटते. एवढा एक निकाल तरी टिकला.

तुझ्या नव्या घराबद्दल अभिनंदन, चिरंजीवांचे ठरल्याचे कळले, आता पथ्य सांभाळ. आणि टोरांटोत इतकी वर्षे राहून तू गूल्डच्या समाधीवर गेला नाहीस, याबद्दल मी तुला शिव्या देण्याच्या स्थितीत नाही, तरी माउंट प्लेझंटला एकदा जाऊन ये. दगडावर त्याच आरियाचे पहिले स्वर कोरलेले आहेत.

आजपर्यंत एकोणचाळीस निवडून झाल्या आहेत आणि चाळीसाव्या जागेसाठी सहा उमेदवार आहेत. ‘मशीन हेड’ तुझी असल्यामुळे ती मोजणीत धरू नये, असे मी तुझ्या वहिनीला सांगून पाहिले. तिने त्यासाठी तुझा लेखी पुरावा मागितला आहे, तेव्हा उलट टपाली लिही.

तुझा,
शरद