जेवणानंतर कोण थांबतं?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान ४ वर संगणकशास्त्र परिषदेची बातमी पाहिली. ‘पाहिली’ म्हणते, कारण वाचण्यासारखं तीत फोटोखालच्या ओळींपलीकडे फारसं नव्हतं. समईभोवती ९ जण, ‘डावीकडून’ करत ९ नावं, प्रत्येकाच्या मागे पद. शेवटी एक वाक्य : ‘परिषदेत ११२ शोधप्रबंध सादर झाले.’ संपला विषय. ते कोणी सादर केले, कशावर केले, हे विचारायला आपले प्रतिनिधी जेवणानंतर थांबले नसावेत. त्यांना दोष देत नाही. जेवणानंतर तिथे कोणीच थांबत नाही. अनुभवाने सांगते.

मी तंत्रनिकेतनात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६ च्या नियमांतली. म्हणजे प्रबंध देण्याआधी परिषदांमध्ये दोनदा निबंध वाचणं सक्तीचं. २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढली, पण आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम. तेव्हा तीन वर्षांपूर्वी साडेपाच हजार रुपये पदरचे भरून, पहाटेची एसटी पकडून मी अशाच एका परिषदेला गेले. कॉलेजचं नाव नको, उगाच गाइडना त्रास.

माझी वेळ छापील पत्रिकेत साडेबाराची होती, १५ मिनिटं. उद्घाटन दहाचं, पाहुणे आले सव्वाअकराला. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. प्रमुख पाहुणे ५० मिनिटं बोलले. त्यात संगणक दोनदा आला. मग जेवण. माझा नंबर लागला पावणेपाचला, आणि उभी राहते तोच अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, चार मिनिटं आहेत. डायरेक्ट कन्क्लुजनवर या.”

माझं काम मोडी कागद यंत्राकडून वाचून घेण्याचं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. एक शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे कागदावर दिसत नाही. माणूस अर्थावरून तोडतो. यंत्राने कशावरून तोडायचं? माझ्या प्रोग्रामने ‘सरकार’चे ‘सर’ आणि ‘कार’ असे दोन तुकडे केले होते. नेमकी तीच स्लाइड मला दाखवायची होती. जमलेलं काय, घरीही बघता येतं. फसलं तिथे जाणत्या माणसाने दोन शब्द सांगावेत म्हणून तर एवढी पायपीट! ती नववी स्लाइड होती. मी थेट चौदाव्यावर गेले.

अध्यक्षांनी प्रश्न विचारला तो असा : “सर्टिफिकेटवरचं नावाचं स्पेलिंग चेक केलंत ना?” समोर पाच जण. चौघं आपापल्या नंबरची वाट बघणारे, पाचवा प्रोजेक्टर सांभाळणारा मुलगा. वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, “मॅडम, आमच्या पणजोबांचा एक जमिनीचा कागद आहे, हे वाचून देईल का?” दिवसभरात माझ्या विषयावर आलेला तेवढा एकच प्रश्न. (तो कागद नंतर त्याने फोटो काढून पाठवला. यंत्राला नाही वाचता आला, मी वाचून दिला.)

संगणकशास्त्राचं जरा वेगळं आहे, संपादक महाशय. इतर अनेक विषयांत नियतकालिकात छापून आलं की भरून पावलं. इथे चांगल्या परिषदेत स्वीकारला गेलेला निबंध हीच मुख्य कमाई, कारण नियतकालिकात छापून येईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आणि चांगल्या परिषदा आपल्याकडे नाहीत असंही नाही. एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद १९८१ पासून दरवर्षी भारतात भरते, परदेशातले लोक तिथे निबंध पाठवतात, आणि २००८ पासूनचे निबंध कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. तिची बातमी मराठी वर्तमानपत्रात मी तरी कधी वाचलेली नाही. समईच्या फोटोला मात्र दरवेळी तीन कॉलम! पुढच्या खेपेला त्यातला एक कॉलम एखाद्या विद्यार्थ्याला द्या. निबंध समजला नाही तर त्यालाच विचारा. पावणेपाचच्या सुमारास तो मोकळाच असतो.

– एक पीएच.डी. विद्यार्थिनी, सातारा

ता. क. : परिषदेत वाचतात तो शोधनिबंध. विद्यापीठाला सादर करतात तो शोधप्रबंध. हे मागच्या वर्षीही कळवलं होतं. एका दिवसात ११२ प्रबंध सादर झाले असतील, तर ती बातमी पान १ वर हवी होती. माझा एक प्रबंध सातव्या वर्षात आहे.