बाबू कड्याला रेलिंग नको, वाटाड्या द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून वासोटा किल्ल्याची वाट खुली झाली की बामणोली गावाच्या बोटींच्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून, पायथ्याच्या मेट इंदवलीपासून जंगलातली चढण चढून बहुतेकांना गाठायचा असतो तो किल्ल्यावरचा बाबू कडा. आत वळत गेलेली ती प्रचंड कातळभिंत, समोरचा जुना वासोटा डोंगर, पायथ्याचं कोकण बघून माणूस आपोआप एक पाऊल पुढे टाकतो.

इथे रेलिंग लावा, सिमेंटचा ओटा बांधा, असं हल्ली परतीच्या बोटीत हमखास ऐकू येतं. त्याला माझा ठाम विरोध आहे. पावसानंतर कड्याच्या काठावर गुडघाभर गवत असतं. ते दरीकडे झुकलेलं असतं आणि त्याखालची जमीन वीतभर आधीच संपलेली असते. अशा सुट्या मुरमात रोवलेले लोखंडी खांब कोयनेच्या पावसात किती टिकणार? गंजलेल्या कठड्यावर विसंबून रेलणारा माणूस तर जास्तच धोक्यात. शिवाय हा परिसर कोयना अभयारण्याचा. चांदोली राष्ट्रीय उद्यानासह २०१० साली तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला, २०१२ साली जागतिक वारसा यादीतही गेला. तिथे सिमेंट-खडी वाहायची कशाला?

धोक्याचं खरं कारण घाईत आहे. लोक उशिरा निघतात, बोटीत तास-दीड तास जातो, अंधाराआधी परतायचं असतं. मग कड्यावर धावतपळत फोटो आणि उतरताना घसरगुंडी. आरडाओरडा वेगळाच. अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, गोंगाट यांनी माश्या उठल्या तर अरुंद माथ्यावर पळायला जागा नाही. तिथे रेलिंग काय करणार?

वनविभागाला विनंती आहे की ठरावीक वेळेनंतर वासोट्याचा परवाना देऊ नये आणि प्रत्येक गटासोबत स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा. कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्या घरांतल्या मुलांना हे रान तोंडपाठ आहे. त्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेला मेहनताना द्यावा. त्यासाठी परवान्याचं शुल्क थोडं वाढलं तरी आम्ही भटके ते आनंदाने भरू.

– एक दुर्गप्रेमी वाचक, सातारा