संज्या, कमोडोरचा ठोकळा गेला

प्रिय संज्या,

आपल्या जुन्या कमोडोर ६४ कॉम्प्युटरचा सप्लाय, म्हणजे त्याला वीज देणारा ठोकळा, गेला. घरात सांगितलं तर "मग नवीन चार्जर आण" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून तुला लिहितोय. कॉम्प्युटर शाबूत आहे, घाबरू नको. काकांचा नियम, आधी मीटर मग प्लग, आजही पाळतो म्हणून वाचला. पाच व्होल्टच्या पिनेवर ६.८ दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या ठोकळ्यात राळ ओतलेली, उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. आतला रेग्युलेटर वर्षानुवर्षं भाजतो आणि जाताना नुसता बंद पडत नाही, व्होल्टेज चढवून मेमरीच्या चिपा घेऊन जातो. दादाने मस्कतहून आणलेली वस्तू अशी गेली असती तर मला सहन झालं नसतं.

मी बरा आहे. आईचे गुडघे पावसात धरतात, बाकी ठीक.

तर नवीन सप्लाय घरीच बनवलाय. पाच व्होल्टसाठी जाळीच्या डब्यातला तीन अँपिअरचा तयार एसएमपीएस, म्हणजे लाइटीचे थेट पाच व्होल्ट डीसी करून देणारा सप्लाय, घेतला. कॉम्प्युटरला दीड अँपिअर पुरे. नऊ व्होल्ट एसीसाठी मात्र ट्रान्सफॉर्मरच हवा. वेंगुर्ल्यात मिळेना, शेवटी कुडाळच्या रिपेअरवाल्याने जुन्या अँप्लिफायरमधला काढून दिला. हे नऊ व्होल्ट वगळता येत नाहीत रे. आवाज काढणाऱ्या सिड चिपचे बारा व्होल्ट त्यातूनच तयार होतात, आणि आतलं घड्याळ लाइटीच्या पन्नास ठोक्यांवर चालतं.

सगळ्यात वेळ खाल्ला सात पिनांच्या गोल डिन प्लगने. टाका मारताना प्लॅस्टिक मऊ होतं आणि पिना कलतात. म्हणून प्लग एका जुन्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवला, पिना धरून राहिल्या, मग टाके मारले. पाच नंबरला पाच व्होल्ट, सहा-सातला एसी, दोनला ग्राउंड. प्रत्येक टाक्यावर स्लीव्ह चढवली, कारण इथल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं बघता बघता हिरवं होतं. आई शेजारी बसून वाल सोलत होती. म्हणाली, "ह्यां वाजतलां की पेटतलां?"

तिचा प्रश्न माझाही आहे. ३.३ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावून दीड अँपिअर ओढले, रात्रभर ५.०२ वर स्थिर. पण इथली लाइट तुला माहीत आहे. मध्यरात्री २५० दाखवते, पहिला पाऊस पडला की दिव्यांचा डोळा लवतो. एसएमपीएस ते पचवेल. उद्या तोच बिघडला तर?

म्हणून पुढे एससीआर बसवलाय, गेट नावाच्या पायावर इशारा मिळाला की चालू होणारा स्विचच तो. पाच व्होल्टची लाइन मर्यादेच्या वर चढली की तो ती सरळ ग्राउंडला टेकवतो. इथेच आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, ५.६ चा झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टला उघडणारा डायोड, लावला की झालं. नाही होत! झेनरचे ५.६ आणि गेटचे पाऊण धरले तर सहाच्या वर जाईपर्यंत तो जागा होत नाही, आणि कमोडोरच्या ४१६४ मेमरी चिपा साडेपाचपर्यंतच चालवायच्या असतात. ४.७ चा लावावा तर लहान झेनर आधीपासूनच झिरपतो, उगाच ट्रिप होईल. मी टीएल ४३१ घातलाय, व्होल्टेज नेमकं ओळखणारी छोटी चिप. त्याचा रेफरन्स अडीच व्होल्टचा, १.२ के आणि १ के ओहमचे रेझिस्टर लावले की साडेपाच. बदलत्या सप्लायवर हळूहळू वाढवून पाहिलं, ५.४८ ला टेस्टचा दिवा विझला. आता तरी मान.

आणि हो, "चौसष्ट के म्हणतात आणि ३८९११ बाइटच मोकळे, उरलेले दादाने खाल्ले" हे तुझं वाक्य मी पोरांना सांगितलं. ती हसली, पण मग खरंच विचारत बसली की ते जातात कुठे. शेवटी बेसिकचा रॉम मेमरीवर पसरून बसतो ते चित्र काढून दाखवावं लागलं. तुझ्या मावसभावाच्या पुण्याच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरला तर ४८ केच होते, तेव्हा तू गप्प बस.

श्रुतीचं बारावीचं कळलं, मस्तच. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

कॉम्प्युटर अजून जोडलेला नाही. सिड आणि चित्र काढणारी व्हिक, या चिपा नवीन बनत नाहीत, हे डोक्यातून जात नाही. गणपतीला येशील तेव्हा तुझ्यासमोरच जोडू. येताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन अँपिअरचे काचेचे फ्यूज आण, आणि त्याआधी सर्किट नीट बघ. कागद सोबत जोडलाय. एससीआरच्या गेटला कपॅसिटर छोटा ठेवलाय, लाइट येता-जाता उगाच ट्रिप होऊ नये म्हणून. तो पुरे की वाढवू, तेवढं लगेच कळव.

तुझा,
बाळ्या